‘रुचिरा’च्या कमलाबाई ओगले

आपल्या मंडळाच्या वर्धापनदिनाच्या स्मरणिकेत एका थोर स्त्रीचे चरित्र असावे असा रिवाज आहे. जिजाबाई, अहिल्याबाई, सावित्रीबाई, रमाबाई रानडे ही नावे येऊन गेली आहेत, आणि ती पुन्हा पुन्हा यावीत अशीच आहेत. यंदा हे काम माझ्याकडे आले तेव्हा मी कमलाबाई ओगले यांचे नाव सांगितले. बैठकीत थोडे हसू झाले. स्वयंपाकाचे पुस्तक लिहिणारी बाई थोर कशी, असे एका भगिनीने विचारले. तिचे विचारणे गैर नव्हते. कमलाबाईंनी राज्य केले नाही, तुरुंगवास भोगला नाही, शाळा काढली नाही. त्यांनी केले ते एवढेच, की आपल्यासारख्या बायका हाताच्या अंदाजाने जे करतात ते नीट मोजून कागदावर उतरविले. हे काम किती कठीण आहे ते ज्या बाईने कधी आपल्या घरच्या मसाल्याचे प्रमाण दुसरीला सांगून पाहिले असेल तिलाच ठाऊक.

कमलाबाईंचा जन्म १९१३ साली कुंडल या गावी झाला. कुंडल आज सांगली जिल्ह्याच्या पलूस तालुक्यात आहे. त्या वेळी सांगली जिल्हाच नव्हता. तो १९४९ साली दक्षिण सातारा या नावाने झाला आणि १९६० साली त्याला सांगली हे नाव मिळाले. कुंडल तेव्हा औंध संस्थानात मोडत होते. याच कुंडलच्या रेल्वे स्टेशनाजवळच्या ओसाड माळावर, औंधच्या राजेसाहेबांनी दिलेल्या जागेवर, १९१० साली लक्ष्मणराव किर्लोस्करांनी कारखाना उभारला आणि किर्लोस्करवाडी वसली. पुढे १९३० साली त्याच वाडीतून ‘स्त्री’ मासिक निघू लागले, ते आपल्या आज्या-पणज्यांपैकी काही जणींनी तरी वाचले असेल. बेचाळीसच्या चळवळीत प्रतिसरकारमुळे कुंडलचे नाव सगळीकडे झाले. असे ते गाव. गावाच्या दारापाशी कारखाना आला, छापखाना आला, पण गावातल्या मुलीची शाळा मात्र त्या काळच्या रीतीप्रमाणे लवकर सुटली. कमलाबाई चौथीपर्यंत शिकल्या. मी स्वतः सातवीपर्यंत शिकलेली आहे. आपल्या मंडळात सातवी-आठवीत शाळा सोडलेल्या पुष्कळ जणी आहेत आणि काही लिहायचे म्हटले की आम्ही पदवीधर मुलींकडे बोट दाखवितो. म्हणून हे चौथीचे लिहून ठेवणे मला जरूर वाटते.

आणखी एक गोष्ट सांगते, ती ऐकून नव्या सुनांना बरे वाटेल. लग्न झाले तेव्हा कमलाबाईंना स्वयंपाक येत नव्हता. जिच्या पुस्तकावरून पुढे दीड लाखाहून अधिक घरांत चूल पेटली, तिला सासरी पाऊल टाकताना स्वयंपाकातले काही कळत नव्हते! त्यांना शिकविले ते त्यांच्या सासूबाईंनी. आपण सासूबाईंच्या हाताखाली चार वर्षांचा पदवीचा अभ्यासक्रम पुरा केला, असे त्या पुढे गमतीने सांगत. पण त्यात गंमत थोडी आणि खरे जास्त आहे. त्या काळच्या भरल्या घरात नव्या सुनेच्या हाती पळी लगेच येत नसे. आधी निवडणे-पाखडणे. मग वाटणे, दळणे, कांडणे. मोहरी आणि राळे ओळखता आले, धन्यातली काडी आणि खडा बोटांना कळू लागला, म्हणजे मग भाजणे. आणि भाजणे आले म्हणजे अर्धा स्वयंपाक आला, कारण मसाला काय, मेतकूट काय, चकलीची भाजणी काय, साऱ्याचा जीव भाजण्यात आहे. चार वर्षे लागलीच पाहिजेत.

आता त्यांच्या मोठेपणाच्या मुद्द्याकडे येते. मराठीत पाकशास्त्राची पुस्तके कमलाबाईंच्या आधीही होती. लक्ष्मीबाई धुरंधर यांचे ‘गृहिणीमित्र अथवा एक हजार पाकक्रिया’ हे १९१० साली निघाले, म्हणजे कमलाबाईंच्या जन्माच्याही आधी. पण मापाचा घोळ पुष्कळ दिवस सुटला नव्हता. आपल्याकडे पायली, कुडव, शेर, पावशेर, छटाक आणि तोळा अशी मापे; त्यात एका गावचा शेर दुसऱ्या गावच्या शेराशी जुळेलच असे नाही. १९५८ पासून सरकारने किलो-ग्रॅम आणले आणि साठ-सत्तरच्या काळात घरोघरच्या बायकांची मोठी ओढाताण झाली. दुकानदार ग्रॅममध्ये देई, सासू तोळ्यात सांगे. तोळा म्हणजे पावणेबारा ग्रॅमच्या आतबाहेर, हा हिशेब दर वेळी कोण करणार? आणि घरात तराजू कुणाच्या असतो?

कमलाबाईंनी यावर उपाय काढला तो इतका साधा की तो आधी कुणी इतक्या पक्केपणाने का वापरला नाही याचेच नवल वाटते. त्यांनी सारे प्रमाण वाटी आणि चमच्यात दिले. वाटी प्रत्येक घरात असते, चमचा असतो. एकच वाटी शेवटपर्यंत धरली म्हणजे ती लहान असो की मोठी, प्रमाण बिघडत नाही. शेर बदलला, किलो आला, उद्या आणखी काही आले तरी वाटीला वाटीच. ‘रुचिरा’ १९७० साली प्रसिद्ध झाले तेव्हा कमलाबाईंचे वय सत्तावन्न वर्षांच्या घरात होते. या वयात आपण आता काय शिकायचे, काय लिहायचे, असे म्हणून पोथी घेऊन बसतो. कमलाबाईंनी त्या वयात शेकडो पदार्थ मोजले आणि पुस्तक सिद्ध केले.

हे पुस्तक निघाले तो काळही लक्षात घ्यावा. एकत्र कुटुंबे मोडत होती. मुलगे नोकरीला मुंबई-पुण्याला, भिलाईला, मुलखाबाहेर जात होते आणि नव्या सुना दोन खोल्यांच्या बिऱ्हाडात एकट्या पडत होत्या. जवळ सासू नाही, आई नाही, शेजारीण दुसऱ्या भाषेची. स्टोव्ह समोर आणि हातात कोरडे धने! पत्र लिहून आईला विचारावे तर उत्तर येईपर्यंत आठ दिवस. अशा मुलीला ‘रुचिरा’ने सासूची जागा भरून दिली. म्हणूनच कमलाबाईंना लाखाहून अधिक सुनांची सासू म्हणण्याची रीत पडली. परदेशी जाणाऱ्या मराठी मुलीच्या पेटीत हे पुस्तक घालण्याची पद्धत पडली, ती आजही काही घरांत आहे. पुढे त्याची हिंदी आणि इंग्रजी भाषांतरेही झाली.

मसाल्याविषयी मला जरा जास्त लिहायचे आहे, कारण माझे त्या पुस्तकाशी नाते मसाल्यानेच जडले. कमलाबाईंच्या मुलखात गोडा मसाला हा स्वयंपाकाचा आधार. गोडा म्हणजे साखरेसारखा गोड नव्हे. तिखट न घातलेला, सुवासिक. धने त्यात सर्वांत जास्त, मग सुके खोबरे, तीळ, जिरे, दगडफूल, तमालपत्र, दालचिनी, लवंग, हिंग अशी मंडळी. गडद भाजल्यामुळे काही घरांत त्यालाच काळा मसाला म्हणतात. आमटी, मसालेभात, भरली वांगी यांत तो चमचाभर पडला की पुरे. त्यांचा तो भाग हळदीचाही आहे. सांगलीची हळदीची पेठ फार मोठी, आणि तिथे हरिपूरजवळ जमिनीत खोल पेवे खणून त्यांत हळद वर्षानुवर्षे राखीत असत. २००५ च्या महापुरात त्यांतली बरीच निकामी झाली. आपल्या बाजूला वर्धा जिल्ह्यातल्या वायगावची हळद आणि नागपूर जिल्ह्यातल्या भिवापूरची मिरची नाव राखून आहेत. ज्या मुलखात जे पिकते त्याचा रंग त्याच्या रश्शाला येतो.

आपला वऱ्हाडी मसाला गोड्या मसाल्याचा चुलतभाऊ म्हणावा. त्यात खसखस, बाद्यान, मसाला वेलची, मिरे यांचा हात मोकळा, आणि रस्सा करताना वर भाजलेला कांदा, खोबरे व लसूण यांचे वेगळे वाटण. पाटवडीचा रस्सा गोड्या मसाल्यावर करून पाहा, तो चांगला लागेल पण पाटवडीचा लागणार नाही. माझी धाकटी जाऊ पश्चिम महाराष्ट्रातली आहे. ती पहिल्यांदा मोर्शीला आली तेव्हा तिला मी बाजारातून सांभार आण म्हटले, तर ती सांबार मसाल्याची पुडी घेऊन आली. आपल्याकडे सांभार म्हणजे हिरवी कोथिंबीर, हे तिला कोण सांगणार!

काही जणी ‘रुचिरा’ला नावे ठेवतात. त्यात आपले वऱ्हाडातले फारसे नाही, ते कृष्णाकाठच्या घरांचे पुस्तक आहे, असे त्यांचे म्हणणे. मला हा आक्षेप पटत नाही. कमलाबाईंनी आपल्या सासूबाईंकडून जे घेतले ते लिहिले. आपल्या सासूबाईंचे आपण लिहायचे होते. ते कमलाबाईंनी येऊन लिहावे ही अपेक्षा जरा जास्तच झाली. दुसरा आक्षेप असा की पुस्तके आल्यामुळे मुली आईला विचारीनाशा झाल्या. यात थोडे तथ्य आहे. पण ज्यांना विचारायला कुणी उरलेच नाही त्यांचे काय?

आमच्या सासूबाईंचा हात मसाल्यात फार चांगला होता. चैत्रात मिरच्या-धने उन्हात पडले की अर्ध्या गल्लीला त्यांच्या घरी बोलावणे असे. त्यांचे माप मूठ, चिमूट आणि डोळा. विचारले तर म्हणत, दिसेल तेवढे घाल. त्या गेल्या आणि पहिल्या उन्हाळ्यात मी सगळे जिन्नस मांडून बसले तेव्हा दगडफूल किती हे मला कुणी सांगू शकेना. घरात चौघे जण त्या मसाल्यावर वाढलेले, चव सर्वांच्या जिभेवर, पण प्रमाण एकाच्याही डोक्यात नाही. पुण्याला नोकरी करणारी माझी मुलगी दिवाळीला आली आणि आमटीचा भुरका मारून आजीची नाही म्हणाली. वाईट वाटले, पण ती खरे बोलली. तेव्हा मी मंडळाच्या कपाटातून ‘रुचिरा’ काढले. त्यात आमचा मसाला मिळेल म्हणून नव्हे. कमलाबाई मोजतात कशा, ते पाहण्यासाठी.

मग गेल्या वर्षी उन्हाळ्यात आपण पाच-सहा जणी दुपारच्या एकत्र बसलो हे वाचणाऱ्यांपैकी काहींना आठवत असेल. प्रत्येकीने आपापल्या मुठीने धने घेतले आणि एकाच वाटीत मोजले. एकीची मूठ अर्धी वाटी भरली, दुसरीची पाव वाटीच्या जरा वर. म्हणजे पाच मुठी धने हे प्रमाण एका घरातून दुसऱ्या घरात जाताना जवळजवळ निम्मे होते! मिरच्यांच्या बाबतीत तर बोलायलाच नको. दोन-तीन वेळा थोडा थोडा मसाला करून, घरातल्यांना खाऊ घालून, जे प्रमाण शेवटी आमच्या सासूबाईंच्या चवीजवळ आले ते लिहिते.

धने चार वाट्या. सुक्या खोबऱ्याचा कीस एक वाटी, तीळ अर्धी वाटी, खसखस पाव वाटी, जिरे पाव वाटी. दगडफूल हलके दाबून अर्धी वाटी. ते आधी नीट निवडावे, त्यात सालीचे तुकडे आणि माती असते. शहाजिरे दोन चमचे, मिरे दोन चमचे, लवंगा एक चमचा, नागकेशर एक चमचा. दालचिनीचे बोटभर लांबीचे चार तुकडे, मसाला वेलची सहा, बाद्यानाची चार फुले, जायपत्रीचे एक फूल, तेजपान दहा. दोन हळकुंडे, बोटभर सुंठ आणि हरभऱ्याएवढा हिंगाचा खडा. मिरची यात घालू नये, तिखट वेगळे करून ठेवावे. म्हणजे घरात लहान मूल किंवा आजारी माणूस असले तरी त्याच मसाल्यावर काम भागते.

प्रत्येक जिन्नस वेगळा भाजावा. याला कारण आहे. खसखस आणि तीळ दोन मिनिटांत तडतडून करपतात, धन्याला वेळ लागतो, लवंग-दालचिनीला थोडे तेल लागते, हिंग तेलात फुलला पाहिजे. सगळे एकदम कढईत टाकले तर तीळ जळतो आणि धने कच्चे राहतात, मग मसाल्याला कडूपणा आला म्हणून दुकानदाराला बोल लावतो. भाजण्याने आतला ओलावा जातो आणि वास मोकळा होतो. पण फार भाजले तर तोच वास धुरावाटे उडून जातो. मंद आच आणि जागेवर उभे राहणे, दुसरा इलाज नाही. कांडपावर नेताना सगळे जिन्नस पूर्ण गार झालेले असावेत आणि खोबरे-तीळ शेवटी घालायला सांगावेत. ते तेल सोडतात, आधी घातले तर गोळा होतो. घरी आणल्यावर मसाला कागदावर पसरून गार होऊ द्यावा. गरम भरला तर बरणीत वाफ धरते आणि महिन्याभरात गुठळ्या होतात. बरणीत तळाला आणि वर हिंगाचा एकेक खडा ठेवावा.

पुडीचा मसाला वाईट असे मी म्हणणार नाही. नोकरी करणाऱ्या बाईला त्याचा आधार आहे, आणि चांगला व्यापारी चांगला मालच घालतो. पण सुट्या तिखटात आणि हळदीत रंग मिसळल्याच्या बातम्या आपण वाचतो, आणि अन्नातली भेसळ थांबविण्यासाठी १९५४ पासून कायदा करावा लागला, २००६ साली तो नवा करावा लागला, त्या अर्थी भेसळ करणारेही थांबलेले नाहीत. आपल्या डोळ्यांसमोर भाजलेल्या धन्यात विटेची पूड येणार कुठून? शिवाय पुडीची चव साऱ्या गावाला एकच. मोर्शीच्या दहा घरांत दहा मसाले होते. त्यांतले किती राहिले ते ज्याचे त्याने आपल्या घरी मोजावे.

कमलाबाईंच्या लिहिण्याविषयी एक सांगायचे राहिले. त्या नटवून लिहीत नाहीत. काय घ्यायचे, किती घ्यायचे, काय करायचे, एवढेच. आपण एकमेकींना ओट्यापाशी उभ्या राहून सांगतो तसे. पदार्थ बिघडण्याची जी जागा असते तिथे त्या सावध करतात आणि पुढे जातात. शिकलेल्या माणसाला कदाचित ते कोरडे वाटेल. पण हात पिठात असताना पुस्तक शेजारी उघडे ठेवून वाचायचे असते तेव्हा असेच लिहिलेले उपयोगी पडते. वर मसाल्याचे प्रमाण लिहिताना मला ते पुन्हा कळले. चार ओळी लिहायला मला दोन दुपारी लागल्या, कारण प्रत्येक वाक्याला, हे वाचून नवी मुलगी चुकेल कुठे, असे स्वतःला विचारावे लागले. त्यांनी अशी शेकडो पाने लिहिली.

१९९९ साली, वयाच्या पंच्याऐंशीच्या पुढे, कमलाबाईंचे निधन झाले. तोपर्यंत ‘रुचिरा’ तीस वर्षे घराघरांत वापरात होते, आणि आजही पुण्याचे मेहता पब्लिशिंग हाऊस ते छापते आहे. चौथी शिकलेल्या बाईचे पुस्तक पन्नास वर्षांनंतरही विकत घेतले जाते, हे ज्या भगिनीने बैठकीत प्रश्न विचारला तिच्यासाठी मुद्दाम लिहिते. तिनेच, हे सांगायला हरकत नाही, मागच्या महिन्यात आपल्या आईच्या मेतकुटाचे प्रमाण वाटीने मोजून मला आणून दिले आहे. हरभऱ्याची डाळ दोन वाट्या, तांदूळ एक वाटी, उडदाची डाळ अर्धी, गहू पाव. जिरे, धने, मेथी, मोहरी, सुंठ, हळद आणि हिंग यांचे चमचे अजून ठरायचे आहेत, कारण मेथीवरून तिचे आणि तिच्या बहिणीचे जुळत नाही.

मंडळाची ‘रुचिरा’ची प्रत कपाटात दुसऱ्या खणात आहे. तिची मसाल्याची पाने सुटी झाली आहेत, तेव्हा नेताना वहीत नाव लिहून पाने मोजून न्यावीत. ज्यांना आपल्या घरच्या मसाल्याचे प्रमाण लिहून द्यायचे असेल त्यांनी शनिवारी दुपारी तीन वाजता मंडळात यावे. वाटी मी आणते.